मुलाचं हाड वारंवार मोडतंय? एक्स-रेमध्ये ठिसूळ हाडांचा आजार असा ओळखतात

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत मुलं तालीम आणि फुटबॉलच्या वातावरणात वाढतात. खेळताना पडून हात मोडला, तर त्यात नवल नाही. पण अंथरुणातून उतरताना किंवा किरकोळ धक्क्यानं हाड मोडत असेल, तेही पुन्हा पुन्हा, तर?

हा आजार काय आहे?

त्याचं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा. हाडाला चिवटपणा देणारं कोलॅजेन हे प्रथिन कमी किंवा सदोष तयार होतं. साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. जनुकातला दोष आई किंवा वडिलांकडून येतो, कधी बाळात नव्यानंच तयार होतो. त्यामुळे ‘आमच्या घरात कुणाला नाही’ एवढ्यावरून तो नाकारता येत नाही.

एक्स-रेमध्ये काय दिसतं?

• हाडं फिकट, बाहेरची भिंत पातळ
• हातापायांची लांब हाडं बारीक किंवा वाकलेली
• एकाच वेळी जुनी, भरत आलेली आणि ताजी फ्रॅक्चर
• पाठीचे मणके चपटे
• कवटीच्या सांध्यांत अनेक छोटी जादा हाडं

गल्लत कुठे होते?

मुडदूसातही हाडं वाकतात, पण त्यात हाडांची वाढणारी टोकं रुंद आणि विस्कटलेली दिसतात. अनेक फ्रॅक्चर पाहून मुलाला मारहाण झाल्याचा संशयही येऊ शकतो. त्यामुळे निदान चुकलं, तर उपचार लांबतात आणि निर्दोष आईवडिलांवर ठपका येऊ शकतो.

सौम्य आजारात एक्स-रे जवळपास नॉर्मल असू शकतो. म्हणून डॉक्टर डोळ्यांचा पांढरा भाग निळसर आहे का, दात ठिसूळ आहेत का, घरात कुणाला कमी वयात बहिरेपण आलं का, हेही पाहतात. खात्री जनुकीय तपासणीतून होते.

पालकांनी काय करावं?

जुने एक्स-रे फेकू नका. एका फिल्ममध्ये फक्त फ्रॅक्चर दिसतं, सगळ्या शेजारी ठेवल्या की आजार दिसू शकतो. हाड बसवण्यासाठी मालिश किंवा ओढाताण टाळा. कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयात दाखवता येतं. दुर्मीळ आजारांसाठी मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र सरकारच्या विशेष केंद्रांपैकी एक आहे.

आजार मुळापासून बरा होत नाही. मात्र बिस्फॉस्फोनेट औषधं, व्यायाम आणि गरजेनुसार हाडात रॉड बसवून मुलांना बराच आधार मिळतो.