तालमीतून निघालेला बंब

स्वयंसेवकांच्या अग्निशमन दलाचा मूळपुरुष कोण, असं विचारलं की बहुतेक जण १७३६ सालच्या फिलाडेल्फियाकडे, बेंजामिन फ्रँकलिनकडे बोट दाखवतात. मान त्यांचाच. पण त्यांच्या दलातल्या सभासदांची मुख्य हत्यारं म्हणजे कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढायच्या पिशव्या. हुकुमासरशी शिडी लावणारी, कवायत करणारी तुकडी वेगळ्या घराण्यातली, आणि माझ्या मते त्या घराण्याचं मूळ डुर्लाखला आहे.

डुर्लाख हे जर्मनीतल्या बाडेनमधलं, त्या काळी कार्ल्सरूहेला लागून असलेलं छोटं गाव होतं. तिथले नगर-बांधकामप्रमुख ख्रिस्तियान हेंग्स्ट यांनी १८४६ मध्ये दल उभं केलं. गावाने हायडेलबर्गच्या कार्ल मेट्झ यांच्याकडून नवा हातबंब घेतला होता. दोन्ही बाजूंच्या दांड्यांवर माणसं आळीपाळीने जोर लावत. मधल्या हवेच्या भांड्यामुळे पाण्याची धार तुटत नसे, आणि पाइप धरणाऱ्याला थेट आगीच्या मुळाशी जाता येई. पण दांड्यावरची माणसं काही मिनिटांत दमत. लय चुकली की धार पडली. घंटा ऐकून बादल्या घेऊन धावणाऱ्या गर्दीचं हे काम नव्हतं.

मग लयीत राबणारी, दोरावर चढणारी तरणी पोरं आणायची कुठून? डुर्लाखचं व्यायाम मंडळही त्याच १८४६ सालचं! यान नावाच्या गृहस्थांनी १८११ मध्ये बर्लिनला सुरू केलेली ही व्यायामाची चळवळ प्रशियात १८२० पासून बंद होती. १८४२ मध्ये बंदी उठली आणि जर्मन गावांतून मंडळं पुन्हा फोफावली. आपल्याकडच्या तालमीसारखं शरीर, शिस्त आणि गावकी तिथे एकत्र नांदत. ही दोन सालं जुळणं निव्वळ योगायोग आहे, हे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप जर्मनीतल्याच माइसेन गावाचा. तिथलं स्वयंसेवी दल १८४१ चं, म्हणजे पाच वर्षं आधीचं. तारखेचा मान त्यांना निःसंशय. दुसरा आक्षेप पॅरिसचा: नेपोलियनने १८११ मध्ये तिथे लष्करी पद्धतीचं अग्निदल उभारलं आणि डुर्लाखने ‘पाँपिए’ हे नावही तिकडूनच उचललं. तेही खरं. पण पॅरिसचे जवान सरकारी शिपाई होते, डुर्लाखचे गावकरी.

या गावकऱ्यांची कसोटी लवकरच लागली. २८ फेब्रुवारी १८४७ ला कार्ल्सरूहेचं राजनाट्यगृह जळालं, साठाहून अधिक माणसं गेली. डुर्लाखची तुकडी धावून आली आणि तिने आजूबाजूच्या इमारती वाचवल्या. त्याच वर्षी कार्ल्सरूहेनेही आपलं दल काढलं.

बंब आणि तालीम यांच्या नात्याचा माझा सगळ्यात भक्कम पुरावा मात्र उल्म या जर्मन शहराचा आहे. तिथे १८४७ मध्ये दल काढणारे कॉनराड डीट्रिख मागिरुस हे स्वतः व्यायाम चळवळीतले पुढारी. १८५३ मध्ये प्लोखिंगेनला वेगवेगळ्या गावांच्या दलांचा मेळावा भरला, तोही त्यांच्याच पुढाकाराने. आणि पुढे आगीच्या शिड्या बनवणारा कारखानाही त्यांनीच काढला.

म्हणून माझा निवाडा असा: तारीख माइसेनची, नाव पॅरिसचं, पण वंश चालवला तो मेट्झच्या बंबाने आणि व्यायामशाळेतल्या पोरांनी. कुठल्याही गावच्या अग्निदलाचा इतिहास लिहायला बसाल, तेव्हा बंबखरेदीच्या कागदांबरोबर तिथल्या तालमीची दप्तरंही जरूर चाळा.