आधी सावली की आधी उजेड? एक्सपोजरच्या नियमाचा इतिहास

रॉ फाइलमध्ये सावल्या कितपत उजळता येतील, या प्रश्नाचे मूळ काचेच्या प्लेटच्या काळात आहे. 1890 मध्ये इंग्लंडमध्ये फर्डिनंड हर्टर आणि व्हेरो ड्रिफिल्ड यांनी प्लेटवर पडलेला प्रकाश व त्यामुळे आलेला काळेपणा यांचा संबंध आलेखाने दाखवला. आलेखाचे खालचे टोक जवळजवळ सपाट होते. म्हणजे फार कमी प्रकाशाची नोंदच होत नव्हती. वरचे टोक हळूहळू वाकत असल्याने जास्त प्रकाश निगेटिव्ह बराच सोसत असे. म्हणून नियम झाला: एक्सपोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजळ भागासाठी. 1940 च्या सुमारास ॲन्सेल ॲडम्स व फ्रेड आर्चर यांनी याच पायावर झोन सिस्टिम रचली.

सेन्सरने हा नियम उलटा केला. त्याचा पिक्सेल म्हणजे इलेक्ट्रॉन साठवणारे भांडे. ते भरले की त्यापुढचा तपशील कायमचा जातो. शिवाय नोंद रेषीय असते. 12 बिटच्या फाइलमधील 4096 पातळ्यांपैकी 2048 एकट्या सर्वांत उजळ स्टॉपला मिळतात, त्याखालच्याला 1024. खाली पातळ्या कमी होतात आणि नॉइज ठळक दिसतो.

म्हणून रॉमध्ये महत्त्वाचा उजळ भाग कापला जाणार नाही, इतपतच पण भरपूर एक्सपोजर द्यावे. सावल्या नंतर उजळाव्यात. पांढऱ्या सदऱ्याची वीण एकदा गेली, तर कोणतेही सॉफ्टवेअर ती परत आणत नाही. नियम पाठ करण्याआधी त्यामागचा आलेख समजून घ्या.