दूध (आहारातील स्थान)

सस्तन प्राण्यांच्या मादीच्या शरीरात पिलाच्या पोषणासाठी तयार होणारा द्रव. भारतात आहाराच्या संदर्भात दूध म्हणजे मुख्यतः गायीचे आणि म्हशीचे. दुधाला ‘पूर्णान्न’ म्हणण्याची चाल जुनी आहे. मोठ्या माणसांच्या बाबतीत ती खरी नाही. दुधात लोह अत्यल्प, क जीवनसत्त्व नाममात्र आणि चोथा मुळीच नाही. ताटातल्या इतर पदार्थांत जे कमी पडते ते दूध भरून काढते, आणि त्याची किंमत यातच आहे.

गायीच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणी, ३ ते ३.५ टक्के प्रथिने, ४ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश आणि ४.५ ते ५ टक्के दुग्धशर्करा (लॅक्टोज) असते. म्हशीच्या दुधात स्निग्धांश ६ ते ८ टक्के असतो. म्हणून त्यावर जाड साय धरते आणि ऊर्जाही जवळजवळ दीडपट मिळते. प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते. दूध फाडले की पनीर होते ते याचेच.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हे आवश्यक अमिनो आम्ल फार कमी असते, तर दुधात ते भरपूर. दुधात कुस्करलेली भाकरी हे गरिबाघरचे जेवण आहारशास्त्राच्या कसोटीवर चांगलेच उतरते. दुसरी उणीव ब-१२ जीवनसत्त्वाची. वनस्पतिजन्य अन्नात ते जवळजवळ नसते. मांस, मासे, अंडी न खाणाऱ्यांना ते रोजच्या जेवणातून मिळते ते दूध, दही, ताक यांतूनच. वरण-भात-भाजी कितीही सकस असली तरी ही जागा रिकामीच राहते.

कॅल्शियमसाठी दुधाची ख्याती सर्वांत मोठी. १०० मिलिलिटर गायीच्या दुधात ते सुमारे १२० मिलिग्रॅम असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी प्रौढांसाठी रोज १,००० मिलिग्रॅम कॅल्शियमची शिफारस केली आहे. संतुलित ताटात त्या ३०० मिलिलिटर दूध किंवा दही धरतात. त्यातून गरजेचा साधारण तिसरा हिस्सा भागतो. बाकीचे नाचणी, तीळ, पालेभाज्या यांतून यावे लागते. वजनाला वजन धरले तर नाचणीत दुधाच्या जवळजवळ तिप्पट कॅल्शियम असते, पण तिच्यातील फायटेटमुळे ते शोषले जाण्यात अडथळा येतो. वाढत्या वयात हाडांच्या घडणीला दुधाचा उपयोग होतो. मात्र ‘दूध प्या, म्हातारपणी हाड मोडणार नाही’ इतका सरळ हिशेब संशोधनातून निघालेला नाही. चहातल्या दोन चमचे दुधाला तर या हिशेबात धरूच नये.

पिशवीवरच्या नावांत फरक स्निग्धांशाचा: फुल क्रीम ६ टक्के, टोन्ड ३, डबल टोन्ड १.५. म्हशीच्या दाट दुधात पाणी आणि स्निग्धांशविरहित दुधाची भुकटी मिसळून टोन्ड दूध करण्याची पद्धत मुंबईत रूढ झाली. आरे दूध वसाहतीचे शिल्पकार दारा खुरोडी यांच्याकडे तिचे श्रेय जाते. त्यांना १९६३ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्निग्धांश घटला तरी प्रथिने आणि कॅल्शियम फारसे घटत नाहीत. म्हणून वजन किंवा कोलेस्टेरॉल वाढलेल्याने दूध सोडण्याऐवजी टोन्ड घ्यावे.

धारोष्ण दुधाचे कौतुक आता पुरे. निरशा दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात. उकळल्याने काही ब जीवनसत्त्वे थोडी घटतात, कॅल्शियम तसेच राहते. पाश्चरीकरणात दूध ७२ अंश सेल्सिअसला १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात.

लहानपणानंतर अनेकांच्या आतड्यातील लॅक्टेज हे विकर कमी होते. मग दूध प्यायल्यावर पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. दही विरजताना जंतू काही दुग्धशर्करा संपवतात, त्यामुळे अशांना दही-ताक बहुधा सोसते. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट. ती असेल तर दही, ताक, पनीर, खवा हे सगळेच वर्ज्य. एक वर्षाखालील बाळाला आईच्या दुधाऐवजी गायीचे किंवा म्हशीचे दूध देऊ नये.