द गेम अवॉर्ड्स सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन पुरस्कार

द गेम अवॉर्ड्स सर्वोत्कृष्ट कलादिग्दर्शन पुरस्कार हा व्हिडिओ गेममधील दृश्यकलेसाठी दिला जाणारा वार्षिक पुरस्कार आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे दर डिसेंबरमध्ये होणाऱ्या 'द गेम अवॉर्ड्स' या सोहळ्यात तो जाहीर केला जातो. २०१५ साली तो प्रथम देण्यात आला आणि पहिला मान ऑस्ट्रियातील मून स्टुडिओज या संस्थेच्या 'ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट' या गेमला मिळाला. २०२५ पर्यंत अकरा गेम या पुरस्काराचे मानकरी ठरले आहेत. दृश्ये वास्तवाशी किती हुबेहूब जुळतात, यापेक्षा ती एका सुसंगत कल्पनेतून उभी राहिली आहेत का, याला परीक्षकांनी अधिक महत्त्व दिल्याचे विजेत्यांच्या यादीवरून दिसते.

== कलादिग्दर्शनाचा अर्थ ==

कलादिग्दर्शन हा शब्द नाटक व चित्रपटाच्या क्षेत्रातून व्हिडिओ गेमकडे आला. गेममधील पात्रे, वास्तू, निसर्ग, प्रकाश, रंगसंगती, तसेच पडद्यावरील मेनू व अक्षरे या सर्वांचे रूप ठरवणे आणि अनेक चित्रकारांच्या कामात एकवाक्यता राखणे, ही कलादिग्दर्शकाची जबाबदारी असते.

चित्रपटातील कलादिग्दर्शनापेक्षा हे काम एका बाबतीत वेगळे आहे. चित्रपटात प्रेक्षकाने काय पाहावे हे कॅमेरा ठरवतो. त्यामुळे चौकटीबाहेरचा भाग सजवण्याची गरज नसते. बहुतेक त्रिमितीय गेममध्ये मात्र खेळाडू हवे तिकडे पाहू शकतो आणि वाटेल त्या दिशेने चालू लागतो. म्हणूनच दृश्य सुंदर असणे पुरेसे नसते. पुढे कोठे जायचे, धोका कोठे आहे, कोणती वस्तू उपयोगाची आहे, हेही त्या दृश्यानेच सुचवावे लागते.

== इतिहास ==

द गेम अवॉर्ड्सची स्थापना जेफ कीली यांनी २०१४ मध्ये केली. त्यापूर्वी २००३ ते २०१३ या काळात स्पाइक या दूरचित्रवाणी वाहिनीतर्फे व्हिडिओ गेम पुरस्कार दिले जात आणि त्यांच्याशीही कीली यांचा संबंध होता. त्या पुरस्कारांत 'सर्वोत्कृष्ट ग्राफिक्स' असा एक विभाग होता. २०१२ साली त्यात 'हेलो ४' विजयी ठरला.

२०१४ च्या पहिल्या सोहळ्यात दृश्यकलेसाठी स्वतंत्र पुरस्कार नव्हता. पुढील वर्षी तो सुरू झाला, तेव्हा 'ग्राफिक्स' या शब्दाऐवजी 'कलादिग्दर्शन' हे नाव स्वीकारण्यात आले. हा बदल केवळ शब्दांचा नव्हता. ग्राफिक्स या शब्दातून यंत्राच्या क्षमतेचा बोध होतो, तर कलादिग्दर्शन या शब्दातून माणसाने केलेल्या निवडीचा. असे असले तरी पुरस्काराच्या अधिकृत व्याख्येत कलात्मक रचना व ॲनिमेशन यांतील सर्जनशील आणि तांत्रिक अशा दोन्ही प्रकारच्या कामगिरीचा समावेश आहे.

== निवडप्रक्रिया ==

जगभरातील शंभराहून अधिक वृत्तसंस्था व नियतकालिकांचे प्रतिनिधी परीक्षक म्हणून नामांकने ठरवतात. या विभागात सहसा पाच गेमना नामांकन मिळते. अंतिम निकालात परीक्षकांच्या मतांना ९० टक्के, तर सर्वसामान्य चाहत्यांच्या मतांना १० टक्के महत्त्व असते.

== विजेते ==

* २०१५ – ओरी अँड द ब्लाइंड फॉरेस्ट (मून स्टुडिओज)
* २०१६ – इनसाइड (प्लेडेड)
* २०१७ – कपहेड (स्टुडिओ एमडीएचआर)
* २०१८ – रिटर्न ऑफ द ओब्रा डिन (लुकास पोप)
* २०१९ – कंट्रोल (रेमेडी एंटरटेनमेंट)
* २०२० – घोस्ट ऑफ त्सुशिमा (सकर पंच प्रॉडक्शन्स)
* २०२१ – डेथलूप (अर्केन स्टुडिओज)
* २०२२ – एल्डन रिंग (फ्रॉमसॉफ्टवेअर)
* २०२३ – ॲलन वेक २ (रेमेडी एंटरटेनमेंट)
* २०२४ – मेटाफर: रीफँटाझिओ (अ‍ॅटलस)
* २०२५ – क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३ (सँडफॉल इंटरॅक्टिव्ह)

रेमेडी या एकाच संस्थेने दोनदा हा पुरस्कार मिळवला आहे. या अकरा गेमपैकी 'एल्डन रिंग' आणि 'क्लेर ऑब्स्क्युर' या दोघांनाच त्याच सोहळ्यात 'वर्षातील सर्वोत्कृष्ट गेम' हा मुख्य पुरस्कारही मिळाला.

== उल्लेखनीय विजेते ==

'''कपहेड''' – कॅनडातील चॅड व जॅरेड मोल्डेनहॉवर या बंधूंनी १९३० च्या दशकातील अमेरिकन व्यंगचित्रपटांची शैली या गेममध्ये पुन्हा उभी केली. पात्रांच्या हालचाली कागदावर हाताने रेखाटण्यात आल्या आणि पार्श्वभूमी जलरंगांत रंगवण्यात आली. गेम सेकंदाला ६० चौकटींच्या वेगाने चालत असला, तरी पात्रांचे ॲनिमेशन जुन्या चित्रपटांप्रमाणे सेकंदाला २४ चौकटींचेच ठेवण्यात आले.

'''रिटर्न ऑफ द ओब्रा डिन''' – हा गेम लुकास पोप यांनी जवळजवळ एकट्याने तयार केला. त्याचे कथानक १८०७ मध्ये घडते. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा निरीक्षक एका निर्मनुष्य जहाजावर जाऊन प्रत्येक खलाशाचे काय झाले याचा शोध घेतो. संपूर्ण गेम केवळ दोन छटांत, जुन्या मॅकिंटॉश संगणकांच्या पडद्यासारखा दिसतो. जुन्या वर्तमानपत्रातील छायाचित्रे ठिपक्यांनी बनत, त्याप्रमाणे येथे सावल्या ठिपक्यांतून तयार होतात. खेळाडूने मान वळवताच हे ठिपके लुकलुकू लागत आणि डोळ्यांना त्रास होई. ही अडचण दूर करण्यासाठी पोप यांनी ठिपक्यांची नक्षी खेळाडूभोवतीच्या एका काल्पनिक गोलावर बसवली. त्या वर्षी नामांकनांत 'रेड डेड रिडेम्प्शन २' व 'गॉड ऑफ वॉर' असे प्रचंड खर्चाचे गेम होते.

'''कंट्रोल''' – फिनलंडमधील रेमेडीच्या या गेममध्ये एका गूढ सरकारी खात्याची इमारत ब्रुटलिस्ट, म्हणजे उघड्या काँक्रीटच्या भव्य वास्तुशैलीत उभारली आहे. स्थिर व जड भासणाऱ्या याच भिंती डोळ्यांदेखत आपली जागा बदलतात. गेममधील भीती या विरोधातून निर्माण होते.

'''घोस्ट ऑफ त्सुशिमा''' – १२७४ मधील जपानवरील मंगोल आक्रमणाच्या पार्श्वभूमीवरील या गेममध्ये खेळाडूला वाट दाखवणारा बाण पडद्यावर सतत दिसत नाही. त्याऐवजी वारा वाहू लागतो आणि गवत व पाने ज्या दिशेला झुकतात तिकडे जायचे असते. 'एल्डन रिंग'मध्ये दूरवरून दिसणारा सोनेरी महावृक्ष असेच दिशादर्शनाचे काम करतो.

'''क्लेर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३''' – फ्रान्समधील माँपेलिए येथील सँडफॉल या तुलनेने लहान संस्थेचा हा गेम आहे. चित्रकलेतील छायाप्रकाशाच्या तंत्राचे फ्रेंच नाव त्याच्या शीर्षकात आहे. त्यातील जग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीच्या फ्रान्सवर बेतलेले आहे.

== समांतर पुरस्कार ==

ब्रिटनमधील बाफ्टा संस्था 'कलात्मक कामगिरी' या नावाने असाच पुरस्कार देते. 'जर्नी' (२०१३), 'ल्युमिनो सिटी' (२०१५) आणि 'इनसाइड' (२०१७) हे त्याचे काही मानकरी होत. 'ल्युमिनो सिटी'चे नगर कागद, पुठ्ठा, छोटे दिवे व मोटारी वापरून प्रत्यक्ष बांधले गेले आणि मग चित्रित करण्यात आले. अमेरिकेतील ॲकॅडमी ऑफ इंटरॅक्टिव्ह आर्ट्स अँड सायन्सेस ही संस्था डाइस पुरस्कार देते. त्यांत मतदान करणारे सभासद स्वतः या व्यवसायातील असतात. गेम डेव्हलपर्स चॉइस अवॉर्ड्समध्ये 'सर्वोत्कृष्ट दृश्यकला' असा विभाग आहे.

परीक्षक बदलले की निकालही बदलू शकतो. २०१८ च्या गेमचा विचार करताना द गेम अवॉर्ड्स आणि बाफ्टा या दोहोंनी 'ओब्रा डिन'ची निवड केली. डाइस पुरस्कारांत मात्र कलादिग्दर्शनाचा मान 'गॉड ऑफ वॉर'ला मिळाला.

== भारतीय संदर्भ ==

२०२५ पर्यंत भारतात तयार झालेल्या एकाही गेमला हा पुरस्कार मिळालेला नाही. मात्र पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या 'राजी: ॲन एन्शंट एपिक' या गेमला २०२० च्या सोहळ्यात नवोदितांच्या विभागात नामांकन मिळाले होते. या गेममध्ये पहाडी चित्रशैली, राजस्थानी वास्तुकला आणि छायाबाहुल्यांचा खेळ यांचा वापर केलेला आहे.

== आक्षेप व वाद ==

पुरस्कार गेमच्या नावे दिला जातो. त्यामुळे कलादिग्दर्शक आणि त्याच्या हाताखालील चित्रकारांची नावे सर्वसामान्यांपर्यंत फारशी पोहोचत नाहीत. २०२३ च्या सोहळ्यात विजेत्यांना बोलण्यासाठी अत्यल्प वेळ दिल्याबद्दल टीका झाली आणि ती कीली यांनी काही अंशी मान्य केली. ॲनिमेशनला वेगळा विभाग नसल्याने स्थिर रूप आणि हालचाल या दोन भिन्न कौशल्यांचा निवाडा एकत्रच होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रसारामुळे पुरस्कारयोग्य काम नेमके कोणाचे, हा प्रश्नही पुढे आला आहे. डिसेंबर २०२५ मध्ये 'इंडी गेम अवॉर्ड्स' या वेगळ्या पुरस्कारांच्या आयोजकांनी 'क्लेर ऑब्स्क्युर'ला दिलेले दोन पुरस्कार परत घेतले. निर्मितीदरम्यान कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली काही तात्पुरती चित्रे वापरली गेल्याचे त्यामागील कारण होते. ती चित्रे प्रकाशित गेममध्ये राहून गेली होती आणि नंतर काढून टाकण्यात आली. द गेम अवॉर्ड्सचा कलादिग्दर्शन पुरस्कार मात्र कायम राहिला.