आगटीची ऊब आणि फटींतला वारा

आपल्याकडे थंडी म्हणजे पौष-माघांतल्या चार पहांटा. घोंगडी पांघरली, अंगणांत काटक्या पेटविल्या कीं तिचा जोर ओसरतो. उत्तरेकडील देशांत मात्र थंडी ही थेट घरांत शिरून माणसांचे प्राण घेणारी वैरीण होती; आणि नवलाची गोष्ट अशी कीं, तिला दार उघडून आंत घेण्याचें काम शतकानुशतकें घरांतला विस्तवच करीत होता.

इ. स. १७०९ च्या जानेवारीच्या आरंभीं फ्रान्सवर एकाएकीं कडाक्याची थंडी कोसळली. नद्या गोठल्या. व्हर्सायच्या राजवाड्यांत चौदाव्या लुईची विधवा भावजय एलिझाबेथ शार्लट ही धगधगत्या आगटीजवळ, अंगावर लोकरी कातडीं घेऊन पत्रें लिहीत बसे. तरी हात इतका कांपे कीं लेखणी धरवत नसे. बाटल्यांतील मद्य गोठून जाई. युरोपांतल्या सर्वांत वैभवशाली राजाच्या घरची ही स्थिति! मग शेतकऱ्यांच्या झोंपड्यांविषयीं काय बोलावें? पेरलेला गहूं जमिनींतच मेला, भाकरी महागली, आणि १७०९-१० सालीं थंडी, दुष्काळ व रोग मिळून सुमारें सहा लक्ष माणसें नेहमींपेक्षां अधिक मेलीं, असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

राजवाड्यांत लांकडाचा तुटवडा नव्हता. मग ऊब कां नव्हती? ह्याचें उत्तर आगटीच्या रचनेंत आहे. भिंतींत खोल कोनाडा, त्यांत ओंडके आणि वर रुंद धुराडें. तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यांतून वर जाते. तिची जागा भरण्यासाठीं दारा-खिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आंत ओढली जाते. विस्तव जितका मोठा, तितका हा ओढा जबर. त्यामुळें आगटीसमोर बसलेल्याचें तोंड भाजे आणि पाठ गारठे.

लोकांनीं आपल्यापरी उपाय शोधले. श्रीमंतांनीं दगडी भिंतींवर जाड विणलेले पडदे टांगले, पलंगाला चार खांब उभारून भोंवतीं पडदे सोडले आणि निजण्यापुरती घरांत एक लहानशी खोली निर्माण केली. लांब दांड्याच्या, झांकणाच्या पितळी भांड्यांत निखारे घालून अंथरूण शेकलें जाई. खुर्च्यांच्या पाठी उंच करून त्यांना दोहों बाजूंस पंख लावीत, ते पाठीवर येणारा झोत अडविण्यासाठीं. हे सारे उपाय वाऱ्यापासून माणसाला लपविणारे होते. वाऱ्याच्या उगमाकडे फार थोडे वळले होते.

ह्या उगमाचा विचार निश्चयानें करणारे दोन पुरुष पुढें आले आणि योगायोगानें दोघेही अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स प्रांतीं जन्मलेले. पहिले बेंजामिन फ्रँकलिन. फिलाडेल्फियाच्या आसपासचीं रानें तुटत चाललीं होतीं. पूर्वीं दाराशीं मिळणारें लांकूड कांहीं गांवांना शंभर मैलांवरून आणावें लागे. फटींतल्या वाऱ्यानें घरांत बसणाऱ्या स्त्रियांना सर्दीपडशाचे विकार जडतात, हेंही त्यांनीं पाहिलें. सुमारें १७४२ सालीं त्यांनीं लोखंडी पत्र्यांची एक शेगडी रचली आणि १७४४ सालीं तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. बाहेरची हवा जमिनीखालून आणून, शेगडीच्या पोटांत तापवून मग खोलींत सोडावी, ही त्यांची युक्ति. आंत येणारा वारा टाळतां येत नसेल, तर त्याला ऊबदार करून घ्यावें! पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरानें देऊं केलेला एकाधिकार त्यांनीं नाकारला. दुसऱ्यांच्या शोधांचा लाभ आपण घेतों, तेव्हां आपला शोधही मोकळ्या हातानें द्यावा, अशी त्यांची भूमिका होती. त्यांची शेगडी निर्दोष नव्हती. धुराला आधीं खालीं उतरावें लागत असल्यानें ती नीट तापलेली नसली तर धूर कोंडे. पुढें इतरांनीं तींत सुधारणा केल्या.

दुसरे बेंजामिन टॉम्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धांत फ्रँकलिन स्वातंत्र्याच्या बाजूला, तर टॉम्सन इंग्लंडच्या राजाच्या बाजूला. परंतु थंडीशीं चाललेल्या युद्धांत दोघे एकाच पक्षाचे. १७९६ सालीं रम्फर्डनें लंडनमध्यें आगटीवर निबंध प्रसिद्ध केला. खोली गरम होते ती मुख्यत्वें विस्तवापासून सरळ निघणाऱ्या किरणांनीं, हें त्यानें ताडलें. म्हणून आगटीची खोली कमी करावी, दोन्ही बाजू तिरप्या करून उष्णता समोर फेंकावी आणि धुराड्याचा गळा सुमारें चार इंच इतका अरुंद करावा, असें त्यानें सांगितलें. त्यासाठीं चार विटा व एक गवंडी पुरे. त्यानेंही ह्यावर मक्ता घेतला नाहीं. ही आगटी इतकी घरोघर झाली कीं, १८१७ सालाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' ह्या कादंबरींत, प्राचीन मठांतली भव्य कोरीव आगटी पाहावयास आलेल्या नायिकेला तेथें रम्फर्डची आंखूड आगटी पाहून निराश व्हावें लागतें!

तरीही उघडी आगटी टिकून राहिली, कारण ज्योत पाहत बसण्याचें सुख सोडवत नाहीं. १९४७ च्या जानेवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंत ब्रिटन हिमाखालीं गाडलें गेलें, कोळशाच्या गाड्या अडकल्या आणि अनेक भागांत घरगुती वीज दिवसां पांच तास बंद ठेवावी लागली. पुढें डिसेंबर १९५२ मध्यें थंडीनें गारठलेल्या लंडनकरांनीं कोळसा जाळला; लक्षावधि आगट्यांचा व कारखान्यांचा धूर धुक्यांत कोंडून शहरावरच उतरला. त्यावेळच्या हिशेबानें सुमारें चार हजार माणसें मेलीं. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बराच मोठा धरला आहे. १९५६ सालीं स्वच्छ हवेचा कायदा झाला, आणि घराघरांतला कोळशाचा विस्तव हळूहळू विझत गेला.

एका घराची ऊब दुसऱ्या घराच्या श्वासावर बेतूं शकते, हें कळावयास अडीचशें वर्षें लागलीं. विस्तवांत आणखी एक ओंडका टाकणें कोणालाही सुचतें. वारा कोठून येतो आणि धूर कोठें जातो हें विचारणारे थोडे असतात. थंडींत तगलेल्या पिढ्या त्या थोड्यांच्या ऋणी आहेत.