डब्याची गोष्ट: लॅमिंग्टन रोडचं कॅबिनेट आणि आपली दहा बाय बाराची खोली

आजचा विषय असा आहे की ज्याला आपण धड नावानेही हाक मारत नाही. कॉम्प्युटरच्या त्या पत्र्याच्या खोक्याला आपल्याकडे निम्मी जनता 'सीपीयू' म्हणते. "सीपीयूवर पाय ठेवू नको रे" हे वाक्य कुठल्या घरात झालं नसेल? खरा सीपीयू म्हणजे आत बसलेली काडेपेटीएवढी चिप. खोक्याचं बाजारातलं नाव कॅबिनेट.

लॅमिंग्टन रोडवर असेम्बल्ड पीसीचं कोटेशन मागा. कागदावर आधी प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, ग्राफिक्स कार्ड, एसएसडी. कॅबिनेट तळाला. वरच्या सगळ्यातून जे उरेल त्यात बसवायचं, किंवा मग लाइट बघून भुलायचं. मला आज उलटं सांगायचंय. कॅबिनेट हा कॉम्प्युटरपेक्षा तुमच्या खोलीचा भाग जास्त आहे. आतलं सगळं बदलतं, डबा राहतो. हे असं का झालं, ते समजायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं मागे जावं लागेल.

पत्राच का?

१२ ऑगस्ट १९८१. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमने आपला पर्सनल कॉम्प्युटर जाहीर केला, मॉडेल ५१५०. आडवा, जड, पोलादी डबा, वर मॉनिटर. आतला पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा. म्हणजे आपल्या सीलिंग फॅनच्या आसपास! आज नुसतं ग्राफिक्स कार्ड याच्या कितीतरी पट वीज खातं.

आता मजबुतीसाठी पत्रा हवा, हे खरंच. पण दुसरंही एक कारण होतं. कॉम्प्युटरच्या आत सेकंदाला लाखो वेळा सिग्नल चालू-बंद होत असतात आणि त्यातून रेडिओ लहरी बाहेर पडतात. शेजारच्या टीव्हीवर मुंग्या येतात, रेडिओ खरखरतो. अमेरिकेच्या एफसीसीने यावर १९७९ मध्ये नियम केले. टीआरएस-८० नावाचा त्या काळातला गाजलेला कॉम्प्युटर त्या नियमांत बसेना, म्हणून १९८१ च्या सुरुवातीला त्याचं पहिलं मॉडेल बंद करावं लागलं. लहरी अडवायचा साधा उपाय म्हणजे चारही बाजूंनी धातू. आज कोणी बाजूचा पत्रा काढून पीसी चालवतो, तेव्हा तो हे कवच काढून टाकत असतो. चाळीत भिंतीला भिंत लागून असते, तिथे हे शेजारधर्माच्याही विरुद्ध आहे!

तेव्हा मुंबईत काय चाललं होतं?

१९८१ मध्ये हा पीसी आला तेव्हा आयबीएम भारतात नव्हतीच. परकीय भांडवलाच्या नियमांवरून सरकारशी जमलं नाही आणि १९७८ मध्ये कंपनी इथून निघून गेली होती. आणि पीसी जन्मल्यावर पाच महिन्यांत, १८ जानेवारी १९८२ ला, परळ-लालबागच्या गिरण्यांमध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्या घरांतले आजोबा त्या संपात होते, त्याच घरांत आज नातू ग्राफिक्स कार्डाची किंमत बघतोय. म्हणून तारखा शेजारी ठेवल्या.

नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधी सरकारने नवं कॉम्प्युटर धोरण आणलं, आयात सैल झाली. १९९१ नंतर आणखी सैल. तरी तयार ब्रँडेड मशीन मध्यमवर्गाला परवडण्यासारखं नव्हतं. सुटे भाग घेऊन जोडलेलं मशीन परवडायचं. आणि सुटे भाग म्हटलं की मुंबईत एकच रस्ता.

लॅमिंग्टन रोड हे नाव लॉर्ड लॅमिंग्टनचं, १९०३ ते १९०७ या काळातला मुंबईचा गव्हर्नर. अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ते पत्त्यावर आणि पोलीस ठाण्याच्या पाटीवर. ज्या मिनर्व्हात 'शोले' वर्षानुवर्षं चालला, ते थिएटर याच रस्त्यावरचं. रेडिओ-टीव्हीचे भाग, स्पीकर, वायरी विकणाऱ्या या बाजारात कॉम्प्युटरही आला. गिरगावातून चालत जाता येतं, दादर-परळहून लोकलने ग्रँट रोडला उतरायचं. परत येताना मात्र ते खोकं घेऊन संध्याकाळी सहाच्या गाडीत चढून दाखवा!

स्विचमधले २३० व्होल्ट

नव्वदच्या दशकातलं कॅबिनेट आठवतंय का कोणाला? घरच्या मोठ्यांना विचारा. मळकट पांढरा रंग, पुढे 'टर्बो' लिहिलेलं बटण. त्या बटणाने मशीन मुद्दाम हळू करता यायचं, कारण जुने गेम नव्या प्रोसेसरवर भलतेच पळायचे.

त्या डब्यांना एटी म्हणायचे. आयबीएमच्या १९८४ च्या पीसी-एटीवरून ते नाव आलं. त्यात एक गोष्ट आज ऐकून अंगावर काटा येईल. पुढच्या पॉवर स्विचपर्यंत थेट भिंतीतली २३० व्होल्टची वायर यायची. चार रंगांच्या चार वायरी, स्विचला योग्य जागी जोडायच्या. चुकलं तर शॉर्ट. विंडोज ९५ बंद केलं की "आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही" अशा अर्थाची केशरी अक्षरं यायची आणि मग आपण हाताने खटका पाडायचो. मशीनला स्वतःला बंद करता यायचं नाही.

जुलै १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप जाहीर केलं. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेली, मागची सगळी पोर्ट एका आयताकृती खिडकीत. पुढचं बटण आता फक्त एक छोटा सिग्नल देतं, मेन्सची वायर तिथे येतच नाही. १९९७ मध्ये त्याचा धाकटा भाऊ मायक्रो-एटीएक्स आला, २४४ बाय २४४. २००१ मध्ये व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स आणलं, १७० बाय १७०.

यातली खरी गंमत टिकाऊपणाची आहे. आमच्या गिरगावच्या खोलीत पोटमाळ्यावर १९९९ चं एक एटीएक्स कॅबिनेट पडून होतं. दोन वर्षांपूर्वी मी त्यात नवा मायक्रो-एटीएक्स बोर्ड धरून बघितला. भोकाला भोक जुळलं! पंचवीस वर्षांचं अंतर आणि स्क्रू तेच. कार्डाच्या दोन स्लॉटमधलं अंतर तर त्याहून जुनं आहे. ०.८ इंच, आयबीएमच्या १९८३ च्या पीसी-एक्सटीपासून चालत आलेलं.

हे माप बदलायचा प्रयत्न खुद्द इंटेलनेच केला. प्रोसेसर फार तापायला लागले म्हणून २००४ च्या सुमारास त्यांनी बीटीएक्स नावाची नवी रचना आणली, हवेचा रस्ता सरळ करणारी. सुटे भाग घेऊन मशीन जोडणाऱ्यांच्या बाजारात ती रुजली नाही. २००६ मध्ये इंटेलने नाद सोडला. ज्याने माप बनवलं त्यालाही ते मोडता आलं नाही. म्हणून म्हणतो, प्रोसेसर चार-पाच वर्षांचा पाहुणा आहे. डबा नीट निवडला तर दोन-तीन मशीन त्यात नांदतील.

मग ते पोटमाळ्यावरचं कॅबिनेट मी वापरलं का? नाही. बोर्ड बसत होता, पण हवा बसत नव्हती. मागे एक ८० मिलिमीटरचा फॅन, पुढे बंद प्लास्टिक. १९९९ च्या उष्णतेसाठी तो डबा पुरेसा होता, आजच्या नाही.

हवा, मग काच, मग पुन्हा हवा

पेन्टियम ४ च्या काळात डबे तापायला लागले. इंटेलने कॅबिनेटवाल्यांसाठी हिशेब घालून दिला: बाहेर खोलीत ३५ अंश असेल, तर प्रोसेसरच्या पंख्यापाशी ३८ पेक्षा जास्त नको. म्हणून २००३ नंतरच्या कित्येक कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला जाळी आणि आतून एक प्लास्टिकचं नळकांडं असायचं. बाहेरची हवा थेट प्रोसेसरवर यावी म्हणून. तेव्हा कित्येकांना ते शोभेचं वाटायचं.

शोभेची लाट खरी आली ती नंतर. १९९८ च्या अर्धपारदर्शक निळ्या आयमॅकने जगाला दाखवलं की कॉम्प्युटर मळकट पांढरा असायलाच हवा असं नाही. मग काळे डबे, मग प्लास्टिकच्या खिडक्या, आणि २०१६ च्या आसपास टेम्पर्ड ग्लास. पुढची बाजूही काचेची झाली आणि हवा कोंडली. मग कंपन्या पुन्हा जाळीकडे वळल्या. फॅशन गोल फिरली, हवेचा नियम तिथेच राहिला.

आता आपली खोली

बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या गेल्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग, शिवडी. एक खोली साधारण १६० चौरस फुटांची. साध्या मिड-टॉवर कॅबिनेटची लांबी ४५ सेंटीमीटर, रुंदी २१. म्हणजे एक चौरस फूट जमीन गेली. मागे वायरी आणि हवेसाठी दहा-पंधरा सेंटीमीटर सोडा. दिवाण, कपाट, ओटा, मोरी यांच्यात हा एक चौरस फूट साधा नाही. म्हणून आपल्या घरांसाठी मला मायक्रो-एटीएक्स सगळ्यात शहाणं वाटतं. उंची-लांबी वाचते आणि मिनी-आयटीएक्ससारखे बोर्डाचे जास्तीचे पैसेही जात नाहीत. फक्त ग्राफिक्स कार्डाची लांबी आधी बघा. आजकाल ३०० मिलिमीटरच्या पुढे जाणारी कार्डं आहेत. आणि कॉम्प्युटर टेबलाच्या त्या प्लायवूडच्या बंद कप्प्यात कॅबिनेट घालू नका. मागची फळी काढा, नाहीतर डबा टेबलावर घ्या.

दुसरी गोष्ट धूळ. लालबाग-परळमध्ये गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहतायत, सिमेंटची धूळ थांबत नाही. घरात गोधडीचा कापूस आहेच. त्यात आपली दमट हवा. हीच दमट हवा एके काळी गिरण्यांना आवडायची, कारण कोरड्या हवेत सूत तुटतं. कॉम्प्युटरला मात्र ती धूळ चिकटवून देते. म्हणून पुढे जाळी हवी आणि जाळीमागे निघणारं, धुता येणारं फिल्टर हवं. दुकानात स्वतः काढून बघा. स्क्रू उघडल्याशिवाय निघत नसेल तर ते कोणी कधी धुणार नाही.

तिसरी गोष्ट पाणी. दादरजवळचं हिंदमाता पावसात तुंबायला प्रसिद्ध आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तळमजल्यावरच्या घरांत काय झालं ते अजून लोक सांगतात. पॉवर सप्लाय आजकाल डब्याच्या तळाशी असतो. तळमजल्यावर राहत असाल तर कॅबिनेट जमिनीवर नको, निदान फूटभर उंच हवं.

चौथी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? जुन्या चाळींमध्ये हे फार ऐकू येतं. एसएमपीएसमध्ये खरखर अडवायला छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं एक टोक डब्याच्या पत्र्याला. सॉकेटमध्ये अर्थिंग असेल तर ती किरकोळ गळती जमिनीत जाते. नसेल तर पत्रा साधारण ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून फक्त झिणझिण्या. पण उद्या आत खरा बिघाड झाला, तर त्याच पत्र्यावर पूर्ण २३० व्होल्ट येतील आणि फ्यूज उडेलच असं नाही. तेव्हा महागडं कॅबिनेट घेण्याआधी वायरमन बोलवा आणि अर्थिंग तपासा. थ्री-पिनची जाड पिन कापू नका, दोन पिनांचं अडॅप्टर लावू नका. पत्रा आपलं रक्षण करतो, पण जमिनीशी नातं असेल तरच.

शेवटचं, पैशाचं. पूर्वी कॅबिनेटसोबत एसएमपीएस फुकट यायचा, अजूनही येतो. तो फुकटचा ऑफिसच्या टायपिंगला ठीक. ग्राफिक्स कार्ड लावणार असाल तर डबा वेगळा आणि सप्लाय वेगळा घ्या.

म्हणजे दुकानात जाण्याआधी तीन कामं: टेपने जागा मोजा, सॉकेट तपासा, पाणी कुठपर्यंत येतं ते आईला विचारा. मग कोटेशन मागा आणि कॅबिनेट पहिल्या ओळीत लिहायला सांगा. दुकानदार हसेल, हसू दे.

पुढच्या भागात एसएमपीएसची गोष्ट. तोवर काळजी घ्या!