बर्फावरचे खेळाडू आणि देशाचे ओझे

२०२४ साली पॅरिस ऑलिंपिक चालू होते तेव्हाची गोष्ट. मी आणि नातू टीव्हीसमोर बसलो होतो. रशिया आणि बेलारूसचे मोजके खेळाडू त्या स्पर्धेत होते, पण त्यांच्या नावापुढे ना देशाचे नाव होते, ना ध्वज. 'तटस्थ खेळाडू' म्हणून ते उतरले होते. नातवाने विचारले, "आजी, युद्ध सरकारने केले ना? मग यांचा झेंडा का काढून घेतला?"

आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या बाईला असा प्रश्न आला की ती लगेच उत्तर द्यायला सरसावते. मी मात्र त्या दिवशी गप्प बसले. कारण झेंडा काढून घेणे एक प्रकारचे, आणि झेंडा जबरदस्तीने हातात देणे दुसऱ्या प्रकारचे, असे काहीतरी मनात घोळू लागले होते. ते नीट मांडायला एका देशाची गोष्ट फार उपयोगी पडते. तो देश जर्मनी, आणि गोष्ट आहे बर्फावरच्या खेळांची.

१९३६ म्हटले की आपल्याला बर्लिन आठवते. ध्यानचंदांच्या संघाने हॉकीच्या अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरवले ते त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला. पण त्याच वर्षी, सहा महिने आधी, जर्मनीतच आणखी एक ऑलिंपिक झाले होते, बर्फावरचे. त्याच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्याच्याकडे येईनच. आधी चाळीस-पंचेचाळीस वर्षे मागे जाऊ या.

१८९१ साली हॅम्बर्गला फिगर स्केटिंगची पहिली युरोपीय स्पर्धा झाली. ती जिंकली ऑस्कर उलिग या जर्मन खेळाडूने. पाच वर्षांनी, १८९६ मध्ये, रशियात सेंट पीटर्सबर्गला पहिली जागतिक स्पर्धा भरली. जागतिक म्हणजे किती मोठी? एकूण चार स्पर्धक! बर्फावर पायातल्या पात्याने आठाच्या आकड्यासारख्या रेघा किती रेखीव काढता येतात हे परीक्षक वाकून वाकून पाहत. पहिला आला जर्मनीतर्फे उतरलेला गिल्बर्ट फुक्स. हा गृहस्थ वनशास्त्राचा अभ्यासक. झाडांच्या साली पोखरणाऱ्या किड्यांवर त्याने पुढे संशोधन केले. दहा वर्षांनी, १९०६ मध्ये म्यूनिकला, तो पुन्हा जगज्जेता झाला. म्हणजे एकीकडे किडे, दुसरीकडे बर्फ, आणि मधे दहा वर्षे. मला हा माणूस फार आवडतो.

१९०८ साली लंडनला ऑलिंपिक झाले. हिवाळी ऑलिंपिक तेव्हा जन्मालाही आले नव्हते, पण लंडनमध्ये कृत्रिम बर्फाचे मैदान होते, म्हणून ऑक्टोबर महिन्यात फिगर स्केटिंगही घेतले. जोडीच्या स्पर्धेत तीनच जोड्या होत्या, दोन इंग्रज आणि एक जर्मन. सुवर्णपदक मिळवले ॲना ह्यूब्लर आणि हाइनरिश बुर्गर या जर्मन जोडीने. ऑलिंपिकच्या इतिहासात जोडीच्या स्केटिंगचे हे पहिले सुवर्ण. बुर्गर पेशाने वकील होता. ॲना पुढे रंगभूमीवर गेली, गायिका आणि अभिनेत्री झाली. स्त्रियांच्या एकेरीत एल्सा रेंडश्मिट या जर्मन मुलीला रौप्यपदक मिळाले. त्यानंतर दोनच वर्षांनी वेर्नर रिटबर्गर नावाच्या तरुणाने एक नवी उडी बसवली. इंग्रजीत तिला 'लूप' म्हणतात, पण जर्मनीत ती आजही रिटबर्गर याच नावाने ओळखली जाते.

या सगळ्या मंडळींत मला एक गोष्ट दिसते. ती हौसेने आलेली माणसे होती. वकिली करायची, किडे तपासायचे, आणि हिवाळा आला की पायांत स्केट्स बांधायचे. देशाचे नाव त्यांच्यामागे लागत होते खरे, पण देशाचे ओझे त्यांच्या पाठीवर नव्हते. जोडीत तर एक खेळाडू एका देशाचा आणि दुसरा दुसऱ्या देशाचा असला तरी चालत असे. पॉट्सडॅममध्ये जन्मलेली लुडोविका आयलर्स आणि फिनलंडचा वॉल्टर याकोबसन यांची जोडी अशीच होती. १९१० साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत ह्यूब्लर-बुर्गर पहिले आले आणि ही जोडी दुसरी. पुढे या दोघांनी लग्न केले. लुडोविकाचे नाव लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

१९१६ चे ऑलिंपिक बर्लिनला व्हायचे होते. त्यासाठी बांधलेल्या स्टेडियमचे १९१३ मध्ये उद्घाटनही झाले होते. बर्फावरचे खेळ ब्लॅक फॉरेस्टमधल्या फेल्डबर्ग डोंगरावर घ्यायचे ठरत होते. म्हणजे ते झाले असते तर हिवाळी ऑलिंपिकची सुरुवात जर्मनीतच झाली असती! पण १९१४ च्या ऑगस्टमध्ये तोफा धडाडू लागल्या आणि सगळे जिथल्या तिथे राहिले.

युद्ध संपले, जर्मनी हरला. आणि आता खेळाडूंच्या वाट्याला दुसरा काळ आला. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकचे निमंत्रण जर्मनीला नव्हते. बेल्जियम जर्मन सैन्याच्या टाचेखाली चार वर्षे भरडला गेला होता, तिथल्या लोकांना जर्मन खेळाडूंचे स्वागत करा असे कोण सांगणार? आइस हॉकीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेही त्याच वर्षी जर्मनीला बाहेर काढले. युद्धाआधी १९१० आणि १९११ च्या युरोपीय स्पर्धांत दुसरा आलेला हा संघ. आता त्याला खेळायला कोणी मिळेना.

त्या अँटवर्पमध्येच जोडीच्या स्केटिंगचे सुवर्ण कोणाला मिळाले? लुडोविका आणि वॉल्टर याकोबसन यांना! पदक फिनलंडच्या नावावर लागले. लुडोविका तेव्हा ३५ वर्षांची होती. जन्म जर्मनीतला, स्केट्स घालायला शिकली ती जर्मनीत, पण लग्नाने ती फिनलंडची झाली होती म्हणून तिला दार उघडे होते. तिच्याच वयाच्या, तिच्याच गावच्या एखादीला ते बंद होते. दोघींमध्ये युद्ध कोणी केले होते? कोणीच नाही.

१९२४ साली फ्रान्समध्ये शामोनी या गावी बर्फावरच्या खेळांचा सप्ताह झाला. त्यालाच पुढे पहिले हिवाळी ऑलिंपिक मानले गेले. तिथेही जर्मनीला निमंत्रण नव्हते. गंमत पाहा, ऑस्ट्रियाला होते. महायुद्धात ऑस्ट्रिया जर्मनीच्या खांद्याला खांदा लावून लढला होता. तरी त्याचे खेळाडू शामोनीला आले आणि जोडीचे सुवर्ण व्हिएन्नाच्या हेलेन एंगलमान आणि आल्फ्रेड बेर्गर यांनी नेले. पण त्या हिवाळ्यात फ्रेंच सैन्य जर्मनीच्या रूर भागात ठाण मांडून बसले होते, नुकसानभरपाईच्या वसुलीसाठी. अशा वेळी जर्मन खेळाडूंना फ्रान्समध्ये कोण बोलावणार? न्याय काय आहे यापेक्षा राग कोणावर किती ताजा आहे, यावर निमंत्रणे ठरत होती. आपल्या लग्नपत्रिकांचेही असेच असते म्हणा!

राग हळूहळू ओसरला. १९२५ मध्ये लोकार्नोचा करार झाला. १९२६ मध्ये जर्मनी राष्ट्रसंघात आला आणि त्याच वर्षी आइस हॉकीच्या संघटनेनेही त्याला परत घेतले. १९२८ ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झ इथे जर्मन खेळाडू प्रथमच हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरले. पदक एकच मिळाले, हान्स किलियानच्या पाच जणांच्या बॉबस्लेड संघाला कांस्य. बॉबस्लेड म्हणजे बर्फाच्या घसरगुंडीवरून सुसाट जाणारी गाडी. १९३२ साली अमेरिकेत लेक प्लॅसिडला दोन कांस्यपदके आली. एक पुन्हा किलियानच्या गाडीला, दुसरे आइस हॉकीला. हॉकीत चारच संघ होते, कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि पोलंड. जर्मनीने पोलंडला दोनदा हरवून तिसरा क्रमांक मिळवला. या संघात बर्लिनचा रुडी बाल नावाचा एक लहानखुरा, चपळ खेळाडू होता आणि गुस्टाफ येनेके नावाचा त्याचा सहकारी होता. येनेके टेनिसही उत्तम खेळे, डेव्हिस करंडकात जर्मनीकडून खेळला होता.

रुडी बाल ज्यू वंशाचा होता.

१९३३ च्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला. बाल जर्मनी सोडून गेला. स्वित्झर्लंडमध्ये, मग इटलीत मिलानच्या संघाकडून खेळू लागला. १९३५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूरेंबर्गचे कायदे आले आणि ज्यूंचे नागरिकत्वच काढून घेतले गेले. इकडे फेब्रुवारी १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकची तयारी जोरात चालली होती. गार्मिश आणि पार्टेनकिर्शेन ही दोन शेजारची गावे सरकारच्या दडपणाखाली एक करण्यात आली. 'ज्यूंना इथे मज्जाव' अशा अर्थाच्या पाट्या गावात होत्या. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अध्यक्ष बाये-लातूर यांनी त्यांना हरकत घेतली, तेव्हा स्पर्धेपुरत्या त्या उतरवल्या गेल्या. पाट्या निघाल्या, कायदे तसेच राहिले.

जगाला दाखवायला एखादा ज्यू खेळाडू संघात असणे सरकारच्या सोयीचे होते. दुसरीकडे येनेकेने बालशिवाय आपण खेळणार नाही अशी भूमिका घेतली, असे सांगितले जाते. आपल्या माणसांना देशाबाहेर जाता यावे म्हणून बाल यायला तयार झाला, असेही सांगतात. शेवटी तो आला, आणि ज्या देशाने त्याला परका ठरवले त्याच देशाचा पोशाख घालून बर्फावर उतरला.

६ फेब्रुवारीला हिटलरने स्पर्धेचे उद्घाटन केले. २८ देश आले होते. जर्मनीला तीन सुवर्ण आणि तीन रौप्यपदके मिळाली, नॉर्वेच्या खालोखाल. क्रिस्टल क्रान्झ उताराच्या शर्यतीत पडली आणि सहावी आली, तरी दुसऱ्या दिवशीच्या वळणावळणाच्या शर्यतीत एवढी पुढे गेली की एकूण सुवर्ण तिचेच. मॅक्सी हेर्बर १५ वर्षांची पोर, तिने एर्न्स्ट बायरबरोबर जोडीचे सुवर्ण मिळवले. १९०८ नंतर पहिल्यांदा ते जर्मनीकडे आले. यांच्या मेहनतीत खोट काढण्याचा मला काय अधिकार? पण त्यांची ती मेहनत कोणाच्या गळ्यातला हार झाली, तेही विसरता येत नाही. बालच्या हॉकी संघाला पदक मिळाले नाही, पाचव्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. १६ फेब्रुवारीला समारोप झाला आणि ७ मार्चला जर्मन सैन्य करार मोडून ऱ्हाइनलँडमध्ये शिरले. पाहुणे जाऊन पुरते तीन आठवडेही झाले नव्हते.

तर मंडळी, हे तीन काळ. पहिल्यात खेळाडू स्वतःच्या हौसेने बर्फावर आला. दुसऱ्यात देशाच्या अपराधासाठी त्याला दाराबाहेर ठेवले. तिसऱ्यात देशाचा अपराध झाकण्यासाठी त्यालाच दारात उभे केले. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी त्याला कोणी विचारले नाही.

बालने यायला नको होते का? वर्गात असता तर एखादा हुशार मुलगा नक्की म्हणाला असता, "बाई, त्याने नकार द्यायला हवा होता." तरुणपणी मीही तसेच म्हटले असते. आता सत्तरी ओलांडल्यावर तेवढ्या सहजपणे म्हणवत नाही. ज्याची माणसे मागे अडकली आहेत त्याने काय करावे हे दिवाणखान्यात बसून ठरवणे सोपे आहे. पण येनेकेचे मात्र मला कौतुक वाटते. त्याच्यावर कसली वेळ आली नव्हती. गप्प राहिला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती.

नातवाच्या प्रश्नाकडे परत येते. मला आता असे वाटते की शेजाऱ्यावर चालून जाणाऱ्या देशाचा ध्वज स्पर्धेत फडकू न देणे योग्यच आहे. १९३६ ला जगाने तेवढे जरी केले असते तर हिटलरची हौस थोडी कमी भागली असती. पण ध्वज काढला तरी माणसाला खेळू द्यावे. अँटवर्प आणि शामोनीला ज्यांच्यावर दार लावले गेले ती माणसे युद्धाची गुन्हेगार नव्हती. झेंडा आणि माणूस वेगळे करता येतात, निदान करून पाहता येतात. १९२० ला तसा विचार कोणी केला नाही. २०२४ ला तो केला गेला, अर्धामुर्धा का होईना. याला मी थोडीशी प्रगती म्हणेन. युक्रेनमध्ये ज्यांचे घर पडले त्यांना हे पटेल का? कदाचित नाही. अँटवर्पच्या माणसालाही पटले नसते.

रुडी बाल युद्धातून जिवंत राहिला. १९४८ मध्ये तो दक्षिण आफ्रिकेला गेला आणि १९७५ साली तिथेच वारला. २००४ मध्ये त्याचे नाव आंतरराष्ट्रीय आइस हॉकी संघटनेने आपल्या सन्मानयादीत घातले. १९४८ च्या हिवाळी ऑलिंपिकला जर्मनीला पुन्हा निमंत्रण नव्हते. १९५२ ला ते मिळाले, आणि स्पर्धा कुठे होती? ऑस्लोला! ज्या नॉर्वेवर जर्मन सैन्याने १९४० ते १९४५ पाच वर्षे राज्य केले, त्याच देशात. तिथे जोडीच्या स्केटिंगचे सुवर्ण रिया आणि पॉल फाल्क या जर्मन पतीपत्नींना मिळाले. युद्ध संपून सातच वर्षे झाली होती. त्या थंडीत ऑस्लोकरांनी त्यांचा कार्यक्रम पाहिला आणि परीक्षकांनी गुण दिले. मला ही गोष्ट पदकापेक्षा मोठी वाटते.

हे सगळे नातवाला सांगितले. तो म्हणाला, "म्हणजे उत्तर नाहीच ना, आजी?" त्याचेही खरेच आहे. तुम्हाला काय वाटते, जरूर लिहा.